भिंत भरताना सोडलेली जागा

१

विश्वास कुणावर ठेवायचा हो, डोळ्यांवर की हातावर? तुम्ही कागद विकत गावोगाव फिरता, नाना तऱ्हेच्या दुकानदारांशी गाठ पडते, म्हणून तुम्हालाच विचारतो. गिऱ्हाईक लबाड असेल तर ते पायरी चढतानाच कळतं. भागीदार फिरला तर त्याच्या बोलण्यात एकाएकी साखर पडते. पण आपलाच हात आपल्या डोळ्यांना न विचारता काही करायला लागला, तर खरं कुणाचं धरायचं?

बसा, घाई करू नका. मागच्या खेपेला मी तुमच्या कागदाला नावं ठेवली, अख्खा गठ्ठा परत न्यायला लावला, ते मनात धरू नका. तसं का केलं, तेच सांगतो.

मी चित्रकला कुणाकडे शिकलेलो नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला मी बाकाखालून खोडरबरं विकायचो, एवढाच त्या विषयाशी संबंध. पुढे हे दुकान टाकलं, रंगीत पेन्सिली, कागद, फ्रेमा. एकदा एक गृहस्थ पेन्सिलींची पेटी परत घेऊन आले. म्हणाले, पिवळी उमटतच नाही. मी पेटी ठेवून घेतली आणि दुपारी दुकान मिटल्यावर बसलो घासत. संध्याकाळपर्यंत कळलं की शेजारी जांभळ्याचा अगदी पुसट हात फिरवला तर पिवळी उजळून निघते. दुसऱ्या दिवशी तीच पेटी मी त्याच गृहस्थांना पुन्हा दिली, वर एक जांभळी जास्तीची खपवली. तक्रार करणारं गिऱ्हाईक हाच माझा मास्तर.

चित्रं काढते ती आमची मंडळी. फोटोवरून माणसं. रंगीत पेन्सिलीने तिने काढलेला डोळा असा ओला दिसतो की रुमाल द्यावासा वाटतो. पण सुरुवातीला तिच्या चित्रात एक खोट होती. आधी ती माणूस पुरा करायची आणि मग भीत भीत मागचा रंग भरत केसांपर्यंत यायची. धक्का लागेल म्हणून हात आखडता. मग माणसाच्या भोवती एक पांढरा दोरा राहून जायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, छान आहे, पण कात्रण चिकटवल्यासारखं वाटतं.

मी म्हटलं, अगं, उलटं कर. पाहुणा बसवायच्या आधी आपण घर झाडतो की पाहुणा बसल्यावर त्याच्याभोवती झाडू मारतो? तू नुसती फिकी रेघ ओढून माणसाची आउटलाइन दे. आधी मी मागचं भरतो. माणूस कोरा ठेवतो. रंग रेघेच्या आत केसभर ओढून आणतो. मग तू तुझा माणूस बसव.

ते जमलं. पांढरा दोरा गेला. तेव्हापासून वाटणी ठरली: पुढचं तिचं, मागचं माझं.

२

आता माझं दुखणं ऐका. हसू आलं तर हसा.

मागचं भरणं म्हणजे नुसतं रंग फासणं नव्हे. पेन्सिलीचं शिसं पॉलिशपेपरवर घासून त्याची भुकटी करायची, ती कापसाच्या बोळ्याने कागदावर चोळायची. मग त्यावर पेन्सिलीचे आडवे, उभे, तिरके थर, हात इतका हलका की कागदाला कळू नये. चेहरा ऊबदार असेल तर मागे थंड रंग. केस काळे असतील तर मागे उजेड. शेवटी पांढऱ्या पेन्सिलीने सगळं घोटून काढायचं, म्हणजे भिंतीला भिंतीची खोली येते. एका भिंतीमागे तीन-तीन दिवस जातात.

आणि गिऱ्हाईक काय म्हणणार? "वा, काय डोळे आहेत."

एकदा मला राहवलं नाही. एक बाई आपल्या वडिलांचं चित्र न्यायला आल्या होत्या. मी म्हटलं, बाई, मागची भिंत पाहिलीत का? तर त्या म्हणाल्या, "कुठली भिंत?"

आमचा मेहुणा पुढच्या टेबलावर फ्रेमा ठोकत होता. तो म्हणाला, "दाजी, दिसत नाही म्हणजेच भिंत चांगली झाली."

"तुझ्या फ्रेमा दिसतात ते?"

"त्या वाईट होतात म्हणून दिसतात."

सगळे हसले, मीही हसलो. पण समोरच्या फोटोवाल्याचं हसू मला टोचलं. त्याच्याकडूनच गिऱ्हाइकं यायची, त्यामुळे त्याची ये-जा होती. उंच माणूस, बोलायला चटपटीत. तो रोज आतल्या खोलीच्या दाराशी उभा राहून म्हणायचा, "वहिनी, तुमच्या हातात काय जादू आहे हो." आणि ही मान खाली घालून पेन्सिलीला टोक करायची. पेन्सिलीला आधीच टोक असायचं. तेव्हा अशा गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नसत.

३

पोस्टमास्तरांच्या बायकोचं चित्र होतं. बाई वारल्या होत्या, मास्तरांनी एक जुना फोटो दिला होता. हिने आउटलाइन काढून दिली आणि मी मागे हिरवट राखाडी भिंत धरली.

तिसऱ्या थराला लक्षात आलं की बाईंच्या डाव्या खांद्यामागे एक जागा रंग धरत नाही. उभी, अरुंद. चारी बाजूंनी रंग दाटत चाललेला आणि मध्ये हा पांढरा पट्टा तसाच.

अशा वेळी मी घाबरत नाही. कागदाला तेलकट बोट लागलं तर असं होतं. किंवा वर दुसरा कागद ठेवून त्यावर कुणी हात दाबून रेघा ओढल्या तर खालच्या कागदावर वळ उठतो आणि तिथे रंग बसत नाही. मी कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरला. वळ दिसला असं मला वाटलं. एक खांदा, वर चढत गेलेली मान आणि एक कान. कानाची पाळी मोठी, सुटी लोंबणारी. पुरुषाचा कान.

आमच्या घरात कागदावर चित्र काढतं एकच माणूस. म्हणजे तिने या कागदावर दुसरा कागद ठेवून, दाबून दाबून, मन लावून कुणातरी पुरुषाचं चित्र काढलं असणार. आणि ते मला दाखवलं नव्हतं. माझं म्हणाल तर माझ्या कानांना पाळीच नाही, ते गालाला चिकटलेले आहेत. लग्नाच्या नव्या नवलाईत ही म्हणायची, तुमचे कान काढणं फार सोपं, एका रेघेत होतात.

फोटोवाल्याच्या कानाची पाळी कशी आहे ते बघायला मी त्याच दुपारी रस्ता ओलांडून गेलो. निमित्त काढलं, सुटे पैसे आहेत का. त्याची पाळी लहान होती, वर तीळ. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. निदान तो असता तर माझ्या ओळखीचा असता.

मी ती पांढरी जागा पेन्सिल दाबून, वर घोटून, कशीबशी बुजवली. पोस्टमास्तरांनी चित्र डोळे भरून पाहिलं आणि जाताना विचारलं, "हिच्यामागे कुणी उभं होतं का हो?" मग स्वतःच म्हणाले, "छे, फोटोत तर कुणीच नाही."

४

तेव्हा मी तुमचा गठ्ठा परत केला. नवा मागवला तो सीलबंद, मीच फोडला, कपाटात कुलपात ठेवला. आउटलाइनपुरता एकेक कागद तिच्या हातात द्यायचा, तोही मी समोर बसलेला असताना. ती फक्त एकदा म्हणाली, "कागद काय पळून जाणार आहे का?"

पुढचं चित्र एका मुलीचं होतं, मांडीवर कुत्र्याचं पिल्लू. मी मागे निळसर भिंत धरली. आणि मुलीच्या मागे तो पुन्हा उगवला. या वेळी दोन्ही खांदे होते. मागच्यापेक्षा मोठा, म्हणजे जवळ आलेला.

मी कागद घेऊन तिच्यापुढे गेलो. आतल्या खोलीत खिडकीखाली एक लांब बाक आहे, त्यावर बसून ती काढते.

"तू हल्ली हात दाबून काढतेस का?"

"मी? माझी पेन्सिल कागदाला लागते न लागते. का हो?"

"मग हे काय आहे?"

तिने कागद हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. मग मांडीवर ठेवून बघत राहिली.

"कोण आहे हा?" ती म्हणाली.

"तेच मी तुला विचारतोय."

"मला काय विचारता? मागचं सगळं तुमचं."

तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती. इतकी वर्षं गल्ल्यावर बसलोय, खोटं बोलणाऱ्याची मान कशी हलते ते मला कळतं. तिची मान स्थिर होती. नजर कागदावर. आणि ती नजर, खरं सांगतो, मला नवी होती. बघण्याच्या कार्यक्रमातही तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. तेव्हा तर ती खिडकीबाहेर बघत होती.

"हा नका बुजवू," ती म्हणाली.

"गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"राहू द्या नुसता. कुणाला कळणार आहे?"

त्या दिवसापासून मी तिला कागद दिला की ती आधी मागचं बघायची. सगळ्या जगात एकाने तरी आधी माझी भिंत बघावी म्हणून मी जीव टाकत होतो ना? आता घरातलंच माणूस बघत होतं. पण जिथे माझा रंग होता तिथे नाही. जिथे तो नव्हता, तेवढ्याच जागेकडे.

५

मेहुण्याला मी काही सांगितलं नव्हतं. पण फ्रेमा ठोकणाऱ्याला कडेकडेने सगळं दिसत असतं. एक दिवस तो माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला, तोंडात खिळे धरून. बराच वेळ माझं काम बघितलं. मग खिळे हातात घेऊन म्हणाला, "दाजी, कागदाला का शिव्या देता? कागद चांगला आहे. तुमचा हात वळतोय."

"कुठे वळतोय?"

"तिथे. पट्टा आला की तुम्ही पेन्सिल उचलता आणि पलीकडे ठेवता."

"काहीतरीच."

"बघा तर." त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या पांढऱ्या जागेवर, खालच्या कोपऱ्यात, चांगल्या जाड रेघा मारल्या. रंग लोण्यासारखा बसला. मी नखाने चाचपून बघितलं. कागद गुळगुळीत होता. वळ नव्हताच.

मी पेन्सिल परत घेतली. म्हटलं, आता मीच भरतो. हात पुढे नेला. रेघ त्या कडेपर्यंत सरळ गेली आणि वळसा घेऊन पुढे निघून गेली. पुन्हा नेला, पुन्हा वळली. कुणी थांबवलं नाही, ढकललं नाही. दाटीच्या खोलीत बसलेल्या माणसाला धक्का लागू नये म्हणून आपण अंग चोरून मागून जातो की नाही, तसं. हाताला त्याची अदब होती आणि मला त्याची ओळखही नव्हती.

"वय झालं दाजी," मेहुणा म्हणाला. "डोळे तपासून घ्या."

"हात वळतोय म्हणतोस आणि डोळे तपासू?"

"मग हात तपासा. एकदाच जाताय तर दोन्ही तपासून घ्या." तो हसत हसत पुढे गेला. मी हसलो नाही.

त्याच सुमाराला आवाज सुरू झाले. ही काम करताना कधी बोलत नाही. श्वास धरून काढते. आणि आता मी गल्ल्यावर बसलेलो असताना आतून तिचं बारीक बोलणं यायचं. शब्द कळायचे नाहीत. एक वाक्य, मग थांबणं. थांबणं असं की समोरचा बोलतोय आणि ही ऐकतेय. मग पुन्हा एक वाक्य. एकदा हसली. माझी इतकी गाजलेली विनोदाची पोतडी, पण तसलं हसू मी तिच्याकडून कधी काढलं नव्हतं.

मी दबक्या पावलांनी गेलो. दारातून बघितलं. ती एकटी होती.

"कुणाशी बोलत होतीस?"

"पेन्सिलीशी. तुम्ही नाही का गिऱ्हाईक गेलं की दुकानाशी बोलता?"

उत्तर चोख होतं. पण ती बाकाच्या अगदी टोकाला बसली होती, अर्धी बाहेर. इतका लांब बाक, आणि ही टोकाला. मी आत गेलो आणि तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर बसायला वाकलो.

"तिथे नको," ती पटकन म्हणाली.

"का?"

"भुकटी सांडलीय. कपडे भरतील."

मी वाकलेला तसाच राहिलो. बाकावर भुकटीचा कण नव्हता. खिडकीचं ऊन सगळ्या बाकावर पडलं होतं आणि त्या मधल्या जागी ते जरा... नाही, सांगता येणार नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की नाही, इथेच तर प्रश्न येतो. मी बसलो नाही. मी, या घराचा धनी, उभाच राहिलो आणि मग बाहेर जाऊन बसलो.

६

युक्ती मेहुण्याची होती, पण मी ती उचलली ती माझ्या कारणासाठी. तो म्हणाला, दाजी, दुकानाच्या दर्शनी काचेत लावायला तुमचं आणि ताईचं जोडीचं चित्र करा, गिऱ्हाइकांना नमुना होईल.

मी विचार केला, बरोबर. जागा रिकामी आहे म्हणून त्याचं फावतंय. तिच्यामागे मीच उभा राहतो, मग तो कुठे उभा राहतो बघू.

फोटोवाल्याने फोटो काढला. ती बाकावर बसलेली, मी मागे उभा, हात तिच्या खांद्यावर. तो म्हणाला, "जरा हसा की, लग्नातल्या फोटोत तरी हसला होतात का?" मी हसलो. मी मनापासून हसलो, कारण मला वाटत होतं की मी डाव जिंकलोय.

तिने दोघांची आउटलाइन काढून दिली. मागे मी दोघांना कोरं ठेवून भिंत भरायला घेतली. तशी भिंत मी जन्मात केली नाही. खाली पिवळसर, त्यावर तपकिरी, त्यावर निळ्याची नुसती हवा. आणि हात कुठे वळला नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ. तिसरा कुणी नव्हता. दोनच कोऱ्या जागा, एक तिची, एक माझी. मी कागद तिच्या हातात दिला तेव्हा शीळ वाजवत होतो. मेहुण्याने विचारलंसुद्धा, लॉटरी लागली का.

तिने चित्र झाकून केलं. पूर्वी ती कधी झाकत नसे. म्हणाली, तुमचंच आहे, आधी बघितलंत तर मजा जाईल. मी बाहेरून बोलणं ऐकायचो, हसू ऐकायचो. स्वतःला समजवायचो, अरे, ती तुझाच चेहरा काढतेय, तुझ्या चेहऱ्याशीच बोलत असेल. ते ऐकताना मला माझ्याच चेहऱ्याचा हेवा वाटायचा. असला हेवा तुम्ही कुठे ऐकलाय?

चित्र पुरं झालं. मेहुण्याने फ्रेम केली, काचेत लावलं. मी बाहेर रस्त्यावर जाऊन बघायच्या आधीच तिथे चार माणसं जमली होती. पोस्टमास्तर होते, फोटोवाला होता. मला बघून सगळे बाजूला झाले.

"हुबेहूब," फोटोवाला म्हणाला. "माझ्या फोटोपेक्षा हुबेहूब."

"दाजी, आता बोलायचं तेवढं बाकी आहे," मेहुणा म्हणाला.

मी बघितलं. ती होती, जशीच्या तशी. तिच्यामागे एक पुरुष उभा होता. त्याचा खांदा मी ओळखला. इतक्या चित्रांत इतक्या वेळा मी त्याच्या कडेकडेने गेलो होतो, अंधारातसुद्धा ओळखला असता. मानेचा तोच चढ. कानाला मोठी, सुटी पाळी. हात तिच्या खांद्यावर. चेहऱ्याकडे मी बघितलं, पण किती वेळ ते विचारू नका. तो हसत होता. फोटोवाल्याने मला सांगितलं होतं तसं.

"हा मी नाही," मी म्हणालो.

"असं प्रत्येकालाच वाटतं," पोस्टमास्तर समजुतीने म्हणाले. "आपला चेहरा आपल्याला कुठे ठाऊक असतो?"

मी फोटो मागवला. फोटोवाल्याने धावत जाऊन आणला. मी त्यात कान बघितला. आणि मग माझा हात आपण होऊन माझ्या कानाकडे गेला. अर्ध्यावर मी तो थांबवला. अजून चाचपून बघितलेलं नाही. तुम्हीही कृपा करून काही सांगू नका.

७

आता मागचं काम माझ्याकडे नसतं. ती म्हणाली, तुम्ही दमता, मी करते मागचंही. मी दिलं. शिकवावं लागलं नाही, एवढी वर्षं बघतच होती. लोक पूर्वीसारखेच म्हणतात, काय डोळे आहेत.

माझ्याशी ती वाईट वागत नाही. हाक मारली तर ओ देते. मात्र हल्ली दोनदा मारावी लागते. पहिल्या हाकेला ती मान वर करते आणि माझ्या जरा पुढे, माझ्या आणि तिच्या मधल्या जागेकडे बघून "हं?" म्हणते. मग शोधल्यासारखं करून नजर मागे माझ्यापर्यंत आणते. बाकावर ती टोकाला बसते आणि मी तिथे जात नाही.

परवा मी तिच्या पाठीशी उभा राहून काम बघत होतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं चित्र, मागे करडी भिंत. हात सुरेख चालला होता. माझ्यापेक्षा बरा. आणि वरच्या कोपऱ्यापाशी तो वळला. पेन्सिल उचलली, पलीकडे ठेवली. पुन्हा आली, पुन्हा वळली. मध्ये एक जागा पांढरी राहत होती. नखाएवढी, उभी. खूप लांब कुणी उभं असावं तशी.

"हे काय सोडतेस?" मी विचारलं.

पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"हे होय? काय माहीत. हात जातच नाही तिथे." ती वाकून निरखायला लागली. "कुणीतरी आहे वाटतं."

"कोण?"

"फार लांब आहे हो. ओळखू येत नाही." मग बाजूला वळून तिने विचारलं, "तुम्हाला येतोय का?" आणि ते तिने मला विचारलं नव्हतं.

मी त्यानंतरची चित्रंही बघितली. ती जागा असते. पण लहान होत चाललीय. कालच्या चित्रात टाचणीच्या डोक्याएवढी होती, आणि तिचा हात आता तिथे जेमतेम वळतो.

रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, खेपेने येणाऱ्याला कळतो. म्हणून तुम्हाला बसवून घेतलं. पुढच्या वेळी याल तेव्हा आल्याआल्या नमुन्यांची पेटी उघडू नका. दाराशी क्षणभर थांबा आणि आत किती माणसं आहेत ती मोजा. इतक्या वर्षांची ओळख आहे, म्हणून भिडेखातर मला धरू नका. दिसलो तर धरा, नाही दिसलो तर सोडून द्या. गल्ल्यावरून कुणी माझ्या आवाजात तुम्हाला बसा म्हणालं, तुमच्या मुलाबाळांची नावानिशी चौकशी केली, तरी तेवढ्यावर त्याला माझ्या नावावर टाकू नका. कुणालाही सांगू नका, पण तुमच्या मनाशी हिशोब खरा ठेवा.